सीओपीडीच्या पेशंटमध्ये आयएल-६ तपासून काय हाती लागतं?

कराड_जीपी

कराड-पाटण पट्ट्यात चुलीच्या धुराने छाती गेलेल्या बायका आणि गुऱ्हाळाच्या चुलवाणापाशी उमेदीची वर्षं घालवलेली माणसं, दोन्ही दवाखान्यात नेहमीची. विडी कधी ओढलेली नाही, तरी स्पायरोमेट्रीत (फुंकून फुफ्फुसांची क्षमता मोजण्याच्या तपासणीत) ब्रॉन्कोडायलेटरनंतर, म्हणजे नळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधानंतरही, एफईव्ही१/एफव्हीसी (पहिल्या सेकंदात सोडलेली हवा भागिले एकूण सोडलेली हवा) ०.७०च्या खाली, म्हणजे सीओपीडी, श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार. कोविडपासून पेशंट आयएल-६चा (इंटरल्यूकिन-६, जळजळीचा निरोप नेणारं प्रथिन) रिपोर्ट हातात घेऊनच येतात आणि 'हे कमी करणारं इंजेक्शन द्या' म्हणतात. अशा निरोप्या प्रथिनांचा, म्हणजे सायटोकाइन्सचा, सीओपीडीशी संबंध आहे हे मान्य, पण यातलं नेमकं काय तपासावं आणि त्यावरून औषध कसं ठरवावं?

सांगली_छाती

आयएल-६वर पैसे घालवू नयेत. ते धुरानेही वाढतं, लठ्ठपणाने वाढतं, दातातल्या पूनेही वाढतं. लिव्हरला सीआरपी (जळजळ दाखवणारं रक्तातलं प्रथिन) बनवायचा निरोप तेच देतं, त्यामुळे सीआरपी केला की त्यातलं बरंचसं कळतं. आयएल-६च्या आकड्यावरून सीओपीडीचं एकही औषध बदलत नाही.

धूर आत गेला की श्वासनलिकेच्या अस्तराच्या पेशी आणि मॅक्रोफेज (कचरा गिळणाऱ्या पेशी) आयएल-८, टीएनएफ-अल्फा, आयएल-१ बीटा ही सायटोकाइन्स सोडतात. आयएल-८ न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी ओढून आणतं, न्यूट्रोफिलचं इलास्टेज हे एन्झाइम वायुकोशांच्या भिंती खातं आणि श्लेष्मा वाढवतं. टीजीएफ-बीटा बारीक नळ्यांभोवती तंतू साठवतं. चुलीच्या धुराच्या पेशंटमध्ये एम्फिसीमा (वायुकोशांच्या भिंती नष्ट होणं) कमी आणि बारीक नळ्यांचा आजार जास्त दिसतो, म्हणून धाप भरपूर असूनही सीटी त्या मानाने बरा वाटतो.

दुसरी वाट टाइप-२ची, म्हणजे अॅलर्जीसारख्या जळजळीची: आयएल-४, आयएल-५, आयएल-१३. आयएल-५ इओसिनोफिल (अॅलर्जीत आणि जंतांत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) तयार करवतं आणि जगवतं, आयएल-१३ बेडका वाढवतं. इनहेल स्टिरॉइडला दाद देते ती मुख्यतः हीच वाट. न्यूट्रोफिलच्या वाटेवर ते फिकं पडतं, कारण जळजळीची जीन्स बंद करायला स्टिरॉइडला एचडॅक-२ हे एन्झाइम लागतं आणि धुराच्या ऑक्सिडेटिव्ह ताणाने नेमकं तेच घटतं. म्हणून डोस दुप्पट करूनही पेशंट तिथेच राहतो.

तेव्हा साध्या सीबीसीतला (रक्तपेशींच्या मोजणीतला) इओसिनोफिलचा आकडा बघा. वारंवार बिघडणाऱ्या पेशंटमध्ये तो दर मायक्रोलिटरला ३०० किंवा वर असेल तर इनहेल स्टिरॉइड द्यायला भक्कम आधार, १०० ते ३०० मध्ये विचार करून, १००च्या खाली देऊ नये. पूर्वी न्यूमोनिया वारंवार झाला असेल किंवा टीबी होऊन गेला असेल तर हात आणखी आखडता.

एक वेगळी गोष्ट: साखर कारखान्यात बुरशी लागलेल्या बगॅसमध्ये (उसाच्या चिपाडात) काम करणाऱ्याला खोकला आणि ताप असेल, स्पायरोमेट्रीत अडथळ्याऐवजी फुफ्फुसांचा आकार घटलेला दिसत असेल, तर तो सीओपीडी नव्हे. बगॅसोसिस, म्हणजे त्या चिपाडाच्या धुळीच्या अॅलर्जीने फुफ्फुसं सुजणं, डोक्यात ठेवा.

मिरज_लॅब

आकडा बघा म्हणणं सोपं, पण तो आकडा येतो कसा तेही बघा. तालुक्याच्या बऱ्याच लॅबमध्ये थ्री-पार्ट मशीन, म्हणजे पांढऱ्या पेशी तीनच गटांत वाटणारं, असतं. ते इओसिनोफिल वेगळे मोजतच नाही, मोनोसाइट-बेसोफिलसोबत 'मिड'च्या खात्यात टाकतं. मग टेक्निशियन स्लाइडवर १०० पेशी मोजून टक्का लिहितो. १०० पेशींत ३ सापडल्या तर खरा टक्का साधारण १ ते ८ मध्ये कुठेही असू शकतो. म्हणजे एकूण पांढऱ्या पेशी ८०००, टक्का ३, तर रिपोर्टवर २४०, आणि प्रत्यक्षात ८० किंवा ६४०. अशा आकड्यावर स्टिरॉइड चालू-बंद करू नका. पाचही प्रकार वेगळे मोजणाऱ्या फाइव्ह-पार्टवर करा, नाहीतर निदान २०० पेशी मोजायला सांगा.

कॉर्टिसोलमुळे इओसिनोफिल दिवसा कमी आणि रात्री जास्त असतात, म्हणून पुढचं सॅम्पलही त्याच वेळेला घ्यावं. सगळ्यात मोठा घोटाळा डेक्साच्या (डेक्सामेथासोन या स्टिरॉइडच्या) इंजेक्शनचा. ते टोचल्यावर काही तासांत इओसिनोफिल जवळजवळ शून्यावर येतात, आणि धाप लागून आलेल्या माणसाला गावात आधी तेच टोचलेलं असतं. सीबीसी स्टिरॉइडच्या आधी, किंवा स्टिरॉइड थांबून ४ आठवडे झाल्यावर.

आकडा फुगवणारी कारणंही आहेत. जंत असतीलच, आधी शौच तपासा. ३०००च्या वर असेल, रात्रीचा खोकला असेल आणि माणूस हत्तीरोगाच्या भागातून ऊसतोडीला आलेला असेल, तर ट्रॉपिकल पल्मनरी इओसिनोफिलिया, म्हणजे हत्तीरोगाच्या जंतांवर फुफ्फुसांची उठलेली प्रतिक्रिया. त्याला पंप नाही, डीईसी हे हत्तीरोगाचं औषध लागतं.

औषधशास्त्र_सातारा

'कमी करणाऱ्या इंजेक्शना'बद्दल. टीएनएफ अडवणारं इन्फ्लिक्सिमॅब सीओपीडीत तपासून झालंय, २००७ मध्ये निकाल आले. फायदा नाही, उलट कॅन्सर आणि न्यूमोनिया त्या गटात जास्त दिसले. शिवाय आपल्याकडे टीएनएफ दाबलं की झोपलेला टीबी उठतो. आयएल-८ आणि आयएल-१ अडवूनही पदरात विशेष पडलं नाही. एक दोर कापला तरी न्यूट्रोफिलला बोलावणारे दुसरे दहा असतात.

टाइप-२ वाटेवर मात्र जमलं. आयएल-४ आणि आयएल-१३ दोन्हींचा रिसेप्टर अडवणाऱ्या डुपिलुमॅबने दोन चाचण्यांत बिघाड सुमारे ३० आणि ३४ टक्क्यांनी कमी केले. अमेरिकेत सप्टेंबर २०२४ मध्ये सीओपीडीसाठी परवानगी मिळाली. ३०० मिलिग्रॅम, दर २ आठवड्यांनी. आयएल-५ अडवणाऱ्या मेपोलिझुमॅबला तिथेच मे २०२५ मध्ये. पण दोन्ही औषधांच्या चाचण्यांतले पेशंट तिन्ही इनहेलर औषधं (दोन प्रकारचे ब्रॉन्कोडायलेटर आणि स्टिरॉइड) नीट घेत होते आणि इओसिनोफिल ३००च्या वर होते. तुमच्या चुलीवाल्या पेशंटला आधी स्पेसर (पंपाला लावायची नळी) द्या.

न्यूट्रोफिलवाल्यांसाठी अॅझिथ्रोमायसिन २५० मिलिग्रॅम रोज किंवा ५०० आठवड्यातून तीनदा. आधी ईसीजीत क्यूटी (ठोक्यातला एक अवधी, हे औषध तो लांबवू शकतं) बघा, ऐकू कमी येतंय का विचारा, आणि थुंकीत मायकोबॅक्टेरिया नाहीत याची खात्री करा. नाहीतर एकट्या मॅक्रोलाइडने (याच गटातल्या औषधाने) नॉन-टीबी मायकोबॅक्टेरियाला (टीबीच्या जातकुळीतल्या इतर जंतूंना) रेझिस्टन्स शिकवल्यासारखं होईल.

कराड_जीपी

आणि जुना टीबी आहे, वरच्या भागात व्रण आहेत, पण फाइव्ह-पार्टवर इओसिनोफिल ३४०, वर्षात दोन बिघाड, तर?

सांगली_छाती

आधी थुंकी सीबीनॅटला (टीबीच्या जंतूंचा डीएनए शोधणाऱ्या तपासणीला). टीबीचा कोर्स होऊन दोन-तीन वर्षंच झाली असतील तर सीबीनॅट मेलेल्या जंतूंनीही पॉझिटिव्ह येतं, तेव्हा कल्चर लावा. निगेटिव्ह आलं तर दोन्ही प्रकारच्या ब्रॉन्कोडायलेटरसोबत बुडेसोनाइड २०० मायक्रोग्रॅम दिवसातून दोनदा, स्पेसरमधून, वर गुळण्या. फ्लुटिकासोनचा मोठा डोस नको. ३ महिन्यांनी वजन, एक्स-रे आणि पंप ओढण्याची पद्धत बघा. वजन उतरत असेल तर पंप वाढवण्याआधी थुंकी पुन्हा पाठवा.