‘शिमगा गेला, कवित्व राहिलं’ – यातलं कवित्व म्हणजे काय?

बोरूबहाद्दर:
निवडणूक झाली की पेपरात हेडिंग ठरलेलं, ‘अमक्याचं कवित्व सुरूच’. पण भांडणाला कवित्व का म्हणतात? आणि शिमगा म्हणजे होळीच ना, मग ‘होळी गेली’ असं का नाही?

ठसका:
होळी म्हणजे एक रात्र हो, फाल्गुन पौर्णिमा, हुताशनी. शिमगा म्हणजे अख्खा सीझन! आमच्या रत्नागिरीकडे फाकपंचमी म्हणजे फाल्गुन शुद्ध पंचमीपासूनच वातावरण तापतं, काही गावांचे तेरसे शिमगे म्हणजे त्रयोदशीला होम, काहींचे भद्रेचे म्हणजे पौर्णिमेला, मग देवाची पालखी सहाणेवर म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर बसते आणि तिथून घरोघर फिरते, त्यात संकासुर, गोमू ही सोंगं, नमन-खेळे हे लोकनाट्य सगळंच आलं. चाकरमानी बॉसशी भांडून सुट्टी काढतो ती यासाठी. जमिनीत नारळ पुरून ठेवतात आणि तो पालखीने शोधायचा, त्याला खुणा काढणं म्हणतात. खांद्यावरची पालखी झुलत झुलत एका जागी येऊन जी अडते ती हलायलाच मागत नाही, तिथे खणायचं. एकदा बघाच.

आता कवित्व. होळीभोवती पालथा हात तोंडावर मारून बोंबा ठोकायच्या आणि यमकं जुळवून शिव्या गायच्या, त्यात गावातल्या भानगडीही यायच्या, ते कवित्व. त्या दिवसांत सगळं माफ, एरवी तेच बोललं तर कानफटात. पण पोरांची जीभ एकदा सैल सुटली की सण संपला म्हणून थांबते थोडीच, म्हणून ती म्हण.

बोरूबहाद्दर:
अच्छा, म्हणजे पेपरवाले बरोबरच वापरतात की. आमची आजी कुणी आरडाओरडा केला की ‘शिमगा करू नका’ म्हणायची ते पण यातलंच.

पानसुपारी:
हो, आणि ‘असेल तर दिवाळी नाहीतर शिमगा’ पण आहेच. पण शब्द मुळात शिवराळ नाहीये बरं का. संस्कृत सुग्रीष्मक, त्याचं प्राकृतात सुगिम्हअ, हेमचंद्राच्या 12व्या शतकातल्या देशीनाममाला या शब्दकोशात तो फाल्गुनातल्या उत्सवासाठी दिलाय. गोव्यात अजून शिगमो म्हणतात, म्हणजे ‘ग’ तिथे जागेवरच राहिला, आपण उलटापालट केली. अर्थ काय तर उन्हाळ्याची चांगली सुरुवात, बोंबा आपण नंतर चिकटवल्या.

ठसका:
नंतर की आधीपासून ते सोडा, पण बोंबेशिवाय शिमगा म्हणजे मिठाशिवाय वरण.

नाशिककर:
रंगाचं कुणीच बोललं नाही! मुंबईकर धुळवडीलाच रंग खेळून मोकळे होतात आणि हॅपी होलीचे मेसेज टाकतात, आमच्याकडे रंग म्हणजे रंगपंचमी, फाल्गुन वद्य पंचमी. जुन्या नाशकात पेशवाईपासूनच्या रहाडी आहेत, म्हणजे जमिनीतले दगडी हौद, एरवी बुजवलेले असतात, त्या दिवसासाठी उघडून रंगाने भरतात आणि लोक त्यात धपाधप उड्या मारतात.

बोरूबहाद्दर:
रहाड शब्द पहिल्यांदाच ऐकला. बाय द वे, दिवाळीचं पोस्त माहितीये, शिमग्याचं पण असतं का?

ठसका:
असतं म्हणजे काय, सोंगं दारात नाचली की पोस्त द्यावंच लागतं, नाहीतर तुमच्या नावाने कवित्व.