‘प्लेबॉय’मधली पेगीन: दगा तिने दिला की तिलाच मिळाला?

गारगोटी
जॉन मिलिंग्टन सिंगचं ‘द प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड’ पुन्हा वाचून संपवलं आणि पेगीनवरचा राग काही जात नाही.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी: आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, मेयो भागात एक आडबाजूचा गुत्ता. एका रात्री ख्रिस्ती माहन नावाचा भेदरलेला पोरगा तिथे येतो आणि सांगतो, मी बापाच्या डोक्यात फावडं घालून त्याला मारलं. गाव त्याला पोलिसांच्या हवाली करायचं सोडून डोक्यावर घेतं. गुत्तेवाल्याची मुलगी पेगीन त्याच्या प्रेमात पडते. तिसऱ्या अंकात डोक्याला पट्टी बांधलेला बाप सगळ्यांसमोर जिवंत हजर! ख्रिस्ती त्याच्यामागे धावून पुन्हा फावडं हाणतो. आता मात्र तेच गाव दोर घेऊन त्याला फासावर द्यायला निघतं.

आणि पेगीन? ती चुलीतलं पीटचं (जळणाच्या मातीचं) पेटतं ढेकूळ उचलून त्याच्या पायाला चटका देते. पहिला खून नुसता ऐकला तेव्हा तिला तो शूर वाटला, दुसरा दारात घडला तर घाणेरडा! शूर गोष्ट आणि घाणेरडं कृत्य यांत मोठी दरी असते, असं ती तोंडाने म्हणतेसुद्धा. मग ही दरी आदल्या रात्री कुठे गेली होती? गावातल्या पोरी ख्रिस्तीभोवती जमल्या तेव्हा जळफळाटाने तिने त्याला फाशीच्या बातम्या सांगून घाबरवलं होतं, हेही विसरू नका. तिला माणूस नको होता, मिरवायला नायक हवा होता. हा दगाच आहे.

उंबरठा
अजिबात सहमत नाही.

नाटकाचा पडदा उघडतो तेव्हा पेगीन काय करत असते बघा. लग्नाच्या सामानाची यादी लिहीत असते: पिवळ्या झग्यासाठी सहा वार कापड, उंच टाचांचे बूट, लग्नात शोभेल अशी टोपी, बारीक फणी. आणि हे लग्न कोणाशी, तर शॉन कीओशी. त्याच रात्री तिचा बाप मायकेल जेम्स शेजारच्या मयताच्या जागरणाला, म्हणजे खरं तर तिथल्या दारूला निघालाय. तरणी मुलगी रात्रभर गुत्त्यात एकटी. शॉनला थांब म्हटलं तर फादर रायली काय म्हणतील या धास्तीने तो अंगातला कोट बापाच्या हातात सोडून पळतो. हा तिचा होणारा नवरा! नात्यातला असल्यामुळे रोमहून चर्चची परवानगी यायची आहे, तेवढ्यावर लग्न अडलंय. तिचं मत कोणी विचारलंय का?

आता दग्याचं. बाप जिवंत आहे हे ख्रिस्तीला दुसऱ्या अंकातच कळतं. दाराआड लपून तो स्वतः बापाला पाहतो. त्यानंतर तिसऱ्या अंकात तो पेगीनला लग्नाचं विचारतो आणि ती बापासमोर, शॉनसमोर, सगळ्या जगासमोर त्याची बाजू घेते. म्हणजे तिने आयुष्य पणाला लावलं ते त्याच्या खोट्यावर, आणि ते खोटं आहे हे त्याला ठाऊक होतं. चटका द्यायची कल्पनाही तिची नाही, ती शॉनने सुचवली.

गारगोटी
दाराआडचा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. पण दुसऱ्या हल्ल्यानंतर त्याला पळून जायची संधी होती. गावातली विधवा क्विन त्याला पेटीकोट नेसवून गावाबाहेर काढायला तयार होती. तो गेला नाही, पेगीन पुन्हा आपली होईल या आशेवर थांबला. ज्याच्यासाठी ती खोटी गोष्ट होती, तो जिवावर उदार झाला. आणि ती?

शॉनने सुचवलं म्हणून काय झालं? ढेकूळ हातात कोणी घेतलं?

दर्यावर्दी
तुम्ही दोघं पेगीनभोवती फिरताय आणि क्विनबाई एका वाक्यात आली, याचं वाईट वाटतं. माझ्या मते नाटकातलं सर्वात खरं माणूस तीच. नवरा पुरलाय, मुलं पुरलीत, टेकडीवर एकटीच राहते. तिथे बसून मोजे रफू करता करता समुद्रावरून जाणारी गलबतं बघत राहते, त्यांतल्या पुरुषांचा विचार करत. ख्रिस्तीला ती म्हणते की तूही माझ्यासारखाच आहेस.

ती व्यवहारी आहे, नाकारत नाही. शॉनशी ती तांबड्या गाईचा आणि मेंढ्याचा सौदा करते. पण बाप जिवंत आहे हे कळल्यावरही ख्रिस्ती तिला नकोसा होत नाही. गोष्ट काढून घेतल्यावर उरलेला पोरगा तिला चालतो. पेगीनला चालला नाही. मला गारगोटींचंच पटतं, फक्त कारण वेगळं.

पाणवठा
बाप-लेकावर कोणीच बोलत नाही! या बापाने ख्रिस्तीचं लग्न विधवा केसीशी ठरवलं होतं, जिने त्याला तान्हेपणी सहा आठवडे दूध पाजलं होतं. फावडं उचललं गेलं ते त्यावरून. आणि शेवटी दोनदा मार खाल्लेला हाच बाप रांगत आत येतो, मुलाची सुटका करतो आणि ख्रिस्ती हुकूम सोडतो तेव्हा खूश होतो. सगळ्या नाटकात हे एकच नातं पुढे सरकतं. दोघं मिळून मेयोतल्या मूर्खांच्या गोष्टी सांगत हिंडणार. प्रेमकथा म्हणून वाचलं तर हा शेवट हातातून निसटतो.

उंबरठा
पाणवठा, पटलं. पण मग बघा, बाप-लेक निघून जातात, क्विनबाईला तिची टेकडी आहे. गुत्त्यात अडकून कोण राहतं?

२६ जानेवारी १९०७ रोजी डब्लिनच्या ॲबी थिएटरात पहिला प्रयोग झाला तेव्हा लोक चिडले. आमच्या खेड्यातल्या मुली बापाच्या मारेकऱ्यामागे धावतात असं दाखवता, आणि वर बायकांच्या आतल्या कपड्याचा उच्चार! पुढच्या प्रयोगांना पोलीस बोलवावे लागले. पेगीन करत होती मॉली ऑलगुड, आणि सिंगचं तिच्याशी लग्न ठरलेलं होतं. त्याने नाटकाचं शेवटचं वाक्य ख्रिस्तीला नाही, पेगीनला दिलंय. त्याआधी शॉन लगट करत जवळ येतो तेव्हा ती त्याच्या कानाखाली वाजवते आणि डोळ्यांसमोरून चालता हो म्हणते. तोवर रोमची परवानगीही येऊन पडलेली असते. लग्नाला आता काहीच आडवं नाही, आणि तरी ती त्याला हाकलते. नायक मिरवायची हौस असलेल्या मुलीने एवढं कशाला केलं असतं?