षण्मुखानंद हॉलजवळ गाडी कुठे लावावी? मदत हवी आहे

मंडळी, पुढच्या शनिवारी संध्याकाळी आईला षण्मुखानंदला शास्त्रीय गायनाच्या मैफिलीला घेऊन जायचंय. नाशिकहून गाडीनेच येऊ. तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे किंग्ज सर्कल स्टेशन जवळ असलं तरी लोकलचे जिने, गर्दी तिला झेपणार नाही.

ठाण्याहून ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेने सायन, तिथून गांधी मार्केट, इथपर्यंत रस्ता माहीत आहे. प्रश्न त्यानंतरचा. हॉल जवळजवळ पावणेतीन हजार खुर्च्यांचा. एवढे लोक एकदम आले की आजूबाजूच्या गल्ल्यांत जागा उरत असेल असं वाटत नाही. शिवाय ती राहती वस्ती आहे, कुणाच्या फाटकासमोर गाडी लावून तीन तास आत बसणं मला पटत नाही.

हॉलच्या आवारात प्रेक्षकांच्या गाड्या घेतात का? आधी फोन करून किंवा ॲपवरून जागा राखून ठेवता येते का? आईला दारात उतरवायला दोन मिनिटं गाडी थांबवू देतात का, हे तर नक्की सांगा, माझ्यासाठी तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे.

दुसरा विचार असा, की तिला भावासोबत आत बसवून मी गाडी दादरला कोहिनूर स्क्वेअरच्या सार्वजनिक वाहनतळात लावावी आणि टॅक्सीने परत यावं. ते रात्री किती वाजेपर्यंत उघडं असतं? माटुंग्यात याहून जवळची, पावती देणारी जागा असेल तर उत्तमच. तिकडे नेहमी जाणाऱ्यांनी कृपया सांगा.