पाणक्याचे दात गेले! बीओ मोटरी काढून काय बसवू?

गच्चीवाली
पाणक्या म्हणजे आमचा रोबो. काम एकच: स्वयंपाकघरातून २ लिटरचा कॅन घेऊन गच्चीतल्या कुंड्यांपर्यंत जायचं. पिवळ्या बीओ मोटरी (खेळण्यातल्या गाड्यांच्या, प्लास्टिक गिअरच्या) ४, चाकं ६५ मिमीची, प्लायचा सांगाडा, जुन्या यूपीएसमधली १२ व्होल्टची बॅटरी, एल२९८एन ड्रायव्हर (मोटरींना वीज सोडणारा बोर्ड). मोटरी ६ व्होल्टच्या, म्हणून पीडब्ल्यूएम (वीज भराभर चालू-बंद करून कमी करणं) निम्म्यावर.

मध्ये उंबरा आहे. त्याला ४० सेंमीची फळी टेकवलीय, चढ ७ सेंमी. परवा अर्ध्या फळीवर कट् कट् कट् झालं आणि साहेब घरंगळत मागे आले ते थेट परातीवर. कणीक माझ्या मदतीशिवाय भिजली. गिअरबॉक्स उघडला तर पांढऱ्या चक्राचे चार दात साफ, ग्रीसमध्ये पिठासारखा चुरा. दिवाळीपासून ही तिसरी मोटर. भरल्या कॅनसकट वजन ६ किलो भरलं. पुन्हा त्याच मोटरी घालायच्या का? माझ्याकडे हँड ड्रिल आणि हॅकसॉ, बस्स.

शून्य_ओहम
ताई, फळीचा हिशोब मांडा. ६ किलो गुणिले ७/४० म्हणजे साधारण १ किलोचा मागे ओढ. चाकाची त्रिज्या सव्वातीन सेंमी, मोटरी चार. प्रत्येकीवर पाऊण किलो-सेंमीच्या (ओढ गुणिले त्रिज्या, म्हणजे फिरवायचा जोर) वर भार, घर्षण वेगळंच. पूर्ण ६ व्होल्टवर बीओ मोटर अडकते तीच जवळपास तिथे. दात जाणारच होते.

१२ व्होल्ट, १०० आरपीएमच्या जॉन्सन गिअर मोटरी दोन घ्या, धातूचे गिअरवाल्या. चाक १० सेंमीचं. मिनिटाला ३१ मीटर जाईल, पाणी न्यायला पुष्कळ. घर्षण धरून दीड किलो ओढ पकडा: गुणिले ५, भागिले २, म्हणजे एका मोटरीवर ४ किलो-सेंमीच्या आत. स्टॉल टॉर्क (मोटर अडकते तेव्हाचा जोर) याच्या तिप्पट बघून घ्या. एल२९८एन मात्र काढा. तो एका बाजूला २ अँपिअरचा, वर २ व्होल्ट स्वतःच खातो. बीटीएस७९६० हे जास्त अँपिअरचे ड्रायव्हर दोन लावा.

चौचाकी
दोनच का? चारही जॉन्सन लावा की, चढावर पकड मिळेल.

डेपोकाका
पकड मिळेल हो, पण वळताना चारही चाकं फरशीवर आडवी घासतात. तो आडवा मार शाफ्टवरच येतो. दोन चाकं चालती, मागे एक कॅस्टर (कुठेही वळणारं मोकळं चाक). बॅटरी आणि कॅन चालत्या चाकांच्या बरोबर वर ठेवा, नाहीतर फळीवर चाकं नुसती फिरतील.

आता माझं म्हणणं. बत्तीस वर्षं बसचे मागचे ॲक्सल खोललेत. बसचं वजन हाउसिंग आणि बेअरिंग घेतात, ॲक्सल शाफ्ट फक्त फिरवतो. म्हणून बस जॅकवर न चढवता शाफ्ट ओढून बाहेर काढता येतो. तुमच्या पाणक्याचं सगळं ओझं मोटरीच्या शाफ्टवर लटकलंय. जॉन्सनलाही तसंच लटकवलंत तर वर्षभरात तिचं बुश (शाफ्ट धरणारी बाही) सैल होऊन खेळायला लागेल. ८ मिमीचा रॉड घ्या, चाकाच्या दोन्ही बाजूंना ६०८ बेअरिंग, आणि मोटर ६ ते ८ मिमीच्या कपलरने (दोन शाफ्ट जोडणारा तुकडा) जोडा. कपलर लवचीकच घ्या, हातड्रिलची भोकं एका रेषेत येत नसतात. ग्रब स्क्रू (शाफ्टवर दाबून बसणारा बिनडोक्याचा स्क्रू) शाफ्टच्या चपट्या बाजूवरच आवळायचा. थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) नसलं तर नेलपॉलिशचा थेंब.

गच्चीवाली
झालं! रॉड उद्यमनगरातल्या एका लेथवर कापून घेतले. त्यांनी विचारलं, कशाचा ॲक्सल? म्हटलं, पाणक्याचा. पैसे घेईनात, व्हिडिओ दाखवायच्या अटीवर सोडलं.

काका, बेअरिंगची दोन भोकं मिलिमीटरभर चुकलीच. लवचीक कपलरने सांभाळून घेतलं. पहिल्या दिवशी डावं चाक फिरेना, रॉड मात्र गरगर. ग्रब स्क्रू गोल बाजूवर आवळला होता. रॉडवर कानशीने सपाट जागा केली, वर लाल नेलपॉलिश.

फळी चढतो आता, कॅन भरलेला असतानाही. कॅस्टर फळीच्या कडेला अडकायचा, म्हणून कड तासून उतरती केली. दीड महिन्यात चाकाला हात लावून हलवलं तर खेळ नाही.

जुन्या बीओ मोटरींपैकी तीन चांगल्या आहेत. कुणाच्या पोराला शाळेच्या प्रोजेक्टला हव्यात का? हलकी गाडी असेल तरच देईन.