सोसायटीच्या नोटिशीत ‘रिमोर्स’ चालेल का?

विजयनगरकर:
आमच्या लिफ्टशेजारी इंग्रजीत नोटीस लागली आहे. उद्या नर्मदेचं पाणी येणार नाही, त्याबद्दल कमिटीला ‘डीप रिमोर्स’ आहे म्हणे! डिक्शनरीत पश्चात्ताप असाच अर्थ दिलाय. पण वाचून असं वाटतं की सेक्रेटरीसाहेबांनी स्वतःच जाऊन पाइप फोडलाय. इंदूरचं कुणी जाणतं असेल तर सांगा.

रामबागच्या काकू:
बरोबर खटकलं तुम्हाला. रिमोर्स होतो तो आपल्या हातून काही वाईट घडलं तर. शब्द लॅटिनमधून आलाय, मुळात अर्थ ‘पुन्हा चावणं’. आपलं मन खातं ना, तेच. कोर्टाच्या बातम्यांत वाचता की, आरोपीला जराही रिमोर्स नव्हता. तिथं तो शोभतो. पाणी वरूनच येणार नसेल तर कमिटीनं ‘रिग्रेट’ म्हणावं, पुरे झालं. खंत, हळहळ, दिलगिरी सगळं त्यात बसतं आणि दोष आपला असायलाच पाहिजे असंही नाही. दिवाळीत पुण्याचं तिकीट काढून बघा, वेटिंगसुद्धा भरलं की रेल्वे ‘रिग्रेट’ दाखवते. रेल्वेचं मन कुठं खातंय!

मात्र रिग्रेटचीही एक खोच आहे. ‘आय रिग्रेट टू से’ म्हणजे सांगायला जड जातंय, पण सांगतो. ‘आय रिग्रेट सेइंग’ म्हणजे बोलून बसलो, आता पस्तावतोय. वर्गात निम्मी पोरं इथंच घसरायची.

पोहेजलेबी:
काकू, मग ‘बायर्स रिमोर्स’? महागडा फोन घेऊन घरी आलं की होतो तो. त्यात मी कुणाचं काय वाईट केलं?

रामबागच्या काकू:
बापाच्या खिशाचं! अरे, तो रुळलेला शब्दप्रयोग आहे, म्हणून चालून जातो. आणि कुणी ‘यू विल रू द डे’ म्हणालं तर ती चक्क धमकी समज, पस्तावशील म्हणून. नुसता ‘रू’ हल्ली बोलण्यात फारसा कुणी वापरत नाही.

विजयनगरकर:
आभारी आहे. ग्रुपवर ‘इनकन्व्हीनियन्स रिग्रेटेड’ सुचवलं. सेक्रेटरी म्हणतात, भिया, ते रस्ता खोदणारे लिहितात, त्यात वजन नाही. तेवढ्यात टँकरचे पैसे कोण देणार ते निघालं आणि नोटीस राहिली बाजूला.