सगळी ड्रेनेज लाइन उखडायची गरज नाही

सांडपाण्याच्या जमिनीखालच्या पाइपला तडा गेला की त्यावर सिमेंट थापायचा सल्ला काही जण देतात. तो उद्योग आम्ही करून बसलोय, एक पावसाळाही टिकला नाही. पाइप ओला, खालची माती धुपलेली. सिमेंट धरणार कशाला?

आमच्या जुन्या घराची लाइन ४ इंची चिनी मातीची, दोन-दोन फुटांचे तुकडे. सांध्यांतून पिंपळाची मुळं शिरलेली. प्लंबर म्हणाला, सगळंच बदला. आम्ही फुटलेले दोनच तुकडे काढले. छिन्नी-हातोडा नको, शेजारचा चांगला तुकडाही तडकतो. ग्राइंडरला डायमंड ब्लेड लावून कापा, तोंडाला मास्क हवाच. मधे ११० मिमीचा पीव्हीसी. दोन्हींचा बाहेरचा व्यास जुळत नाही, म्हणून जोडायला रबरी कपलिंग आणि ते आवळायला स्टीलचे क्लॅम्प (कपलिंगसाठी मात्र चार दुकानं पालथी घातली). खाली वाळूचा थर, उतार ४० फुटांना १ फूट. बुजवायच्या आधी वरच्या चेंबरमधून पाच-सहा बादल्या ओतून सांधे तपासा.

आणि चेंबरमध्ये स्वतः उतरू नका, दुसऱ्या कुणाला उतरवूही नका. आतल्या वायूने क्षणात शुद्ध हरपते.