व्हिजिटर पार्किंग क्र. ३ मधली पद्मिनी

भावसार ताई (ए-३०२): रविवारी दुपारी अडीच वाजता बी विंगच्या पार्किंगमध्ये ग्राइंडर कोण चालवतंय? आणि व्हिजिटर पार्किंग क्र. ३ मध्ये ती जुनी पद्मिनी गाडी विटांवर चढवून ठेवली आहे, ती कधी हलणार? शनिवारी आमच्याकडे पाहुणे आहेत. कृपया तारीख सांगावी 🙏

महाजन (सचिव): नमस्कार ताई. संबंधितांनी कृपया लक्ष द्यावे.

बोरसे भाऊ (बी-२०२): संबंधित म्हणजे निखिलच ना भो. नाव घ्यायला जीएसटी लागतो का?

निखिल (बी-१०१): सॉरी ताई, ग्राइंडर बंद केलाय. गंजलेला नट कापत होतो. कन्नड घाटात वळणावर गाडी फार झोपते, म्हणून पुढून दीड-दोन इंच खाली घ्यायचीय. स्प्रिंगची एक-एक कॉइल कापली की काम झालं, असं मिस्त्री म्हणतोय.

चौधरी काका (बी-३०४): कापली का?

निखिल: नाही काका. खूण केलीय फक्त.

चौधरी काका: मग हात लावू नको. पहिलं काम, गाडी विटांवरून काढ. वीट आणि सिमेंटचा पोकळ ब्लॉक आधी काही दाखवत नाही, एकदम फुटतो. चेसिसच्या पट्टीखाली दोन स्टँड लाव, मागच्या चाकांना दोन्हीकडून ओट (पाचर) लाव, मगच खाली वाक. स्प्रिंग काढताना जॅक चाक धरणाऱ्या खालच्या आर्मखाली पाहिजे आणि स्प्रिंगमधून साखळी ओवलेली पाहिजे. दबलेली स्प्रिंग सुटली तर हात जाईल.

भावसार ताई: म्हणजे हे सगळं आमच्या मुलांच्या खेळायच्या जागेत चाललंय?

देशमुख (खजिनदार): ती खेळायची जागा नाही, पार्किंग आहे. मागच्या एजीएममध्ये ठरलंय.

भावसार ताई: एजीएममध्ये पुष्कळ काही ठरलं होतं. 🙏

बोरसे भाऊ: काय भो निखिल, गाडी खाले बसाडी राह्यना, मंग गेटमधून बाहेर कशी काढशीन?

वाणी सर (ए-१०४): बोरसे भाऊंचा प्रश्न चेष्टेचा असला तरी बरोबर आहे. निखिल, कॉइल कापण्याआधी हिशेब कर. पद्मिनीत स्प्रिंग चाकावर नाही, खालच्या विशबोनवर, म्हणजे काकांनी सांगितलेल्या खालच्या आर्मवर बसते. आर्मच्या आतल्या बुशपासून (सांध्यातल्या रबरापासून) स्प्रिंगच्या मध्यापर्यंत किती मिमी आणि चाकाकडच्या टोकापर्यंत किती, हे टेपने मोज. समजा १६० आणि ३२०. म्हणजे गुणोत्तर निम्मं. स्प्रिंगपाशी १ इंच कमी झालं की चाकापाशी गाडी २ इंच बसते.

वाणी सर: आता कॉइल. समजा काम करणाऱ्या कॉइल ८ आहेत आणि गाडी उभी असताना त्यांची उंची २०० मिमी, म्हणजे प्रत्येकी २५. एक कापली की स्प्रिंग २५ मिमीने आखूड, चाकापाशी ५० मिमी. म्हणजे एकाच कॉइलमध्ये तुझे दोन इंच संपले. वर ८ च्या ७ झाल्या म्हणून स्प्रिंग सुमारे १४ टक्के कडक होते. दोन इंच बसलेल्या गाडीला तेवढा कडकपणा पुरत नाही, ती बंप स्टॉपवर, म्हणजे आर्मला अडवणाऱ्या रबरावर आपटणारच. आणि स्टॉपला टेकली की त्या चाकाची पकड एकदम तुटते. घाटात वळणावर नेमकं हेच नको असतं.

सोनवणे (बी-४०१): सर, हा मेसेज आहे का सेमिस्टरचा पेपर?

वाणी सर: ज्यांना नको त्यांनी म्यूट करावं.

भावसार ताई: व्हिजिटर पार्किंग क्र. ३ कधी मोकळं होणार? कृपया तारीख सांगावी 🙏

निखिल: ताई, शुक्रवारपर्यंत नक्की. सर, मिस्त्री असंही म्हणत होता की कापायची नसेल तर गॅसने तापवून बसवून देतो.

चौधरी काका: त्या मिस्त्रीला चहा पाज आणि घरी पाठव. तापवलेल्या जागेचा टेंपर (पोलादाला दिलेलं पाणी) जातो. तेवढ्या दोन कॉइल मऊ पडतात आणि गाडी महिनोन्महिने बसतच राहते, दोन्ही बाजूंनी वेगवेगळी. नाहीतर तिथंच तडकते. कटिंग डिस्कने कापलं तरी कापलेलं टोक सीटमध्ये बसत नाही. वरखालच्या वाट्यांना टोकासाठी खाच असते. टोक तिथं टेकलं नाही की स्प्रिंग फिरते, कडकड वाजते. चाक अधांतरी लटकलं तर वाटीतून निसटतेसुद्धा.

देशमुख (खजिनदार): गेटवरून आठवलं. स्पीड ब्रेकरला कोणी नाव ठेवू नये. पोरं बाइक उडवत होती म्हणून केला.

सोनवणे: नाव कोण ठेवतंय? पण दीड फूट रुंद आणि पाच इंच उंच सिमेंटचा उंचवटा म्हणजे ब्रेकर नाही, बांध आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर लागते.

देशमुख: गेट आणि रस्ता यांच्यात ३.७ मीटर जागा कुठून आणू? तुमच्या बेडरूममधून?

महाजन (सचिव): कृपया वैयक्तिक टीका टाळावी.

बोरसे भाऊ: थंडी पडनी, बामणोदची वांगी बाजारात उनी. भरीतनी पार्टी कव्हय शे ते सांगा. बाकी बठ्ठं नंतर.

देशमुख: पार्टीचे पैसे आधी, भरीत नंतर. गेल्या वेळचे बी विंगचे अजून बाकी आहेत.

बोरसे भाऊ: हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे.

निखिल: सर, मग झोपणं कमी कसं करायचं? गाडी खाली घेतली की गुरुत्वमध्य खाली येतो ना?

वाणी सर: येतो. पण रोल सेंटर, म्हणजे ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो, त्याहून जास्त उतरतो. गाडी बसली की खालच्या आर्मची बाहेरची टोकं आतल्या टोकांपेक्षा वर जातात. तिथून पुढे गुरुत्वमध्य आणि रोल सेंटर यांच्यातलं अंतर वाढत जातं, म्हणजे गाडी बुटकी होऊनही कलण्याची ओढ वाढते. स्टिअरिंगच्या टाय रॉडचा कोन बदलतो तो वेगळाच. खड्ड्यात चाक वर गेलं की स्टिअरिंग न फिरवता गाडी बाजूला ओढते. म्हणून खाली घ्यायचीच तर चाकापाशी २५ मिमी. दोन इंच नाही, दीडही नाही.

चौधरी काका: त्याआधी जुनं बघ. चाक वर घेऊन वर-खाली धरून हलव. खडखडलं तर किंगपिन (चाक वळतं ती खीळ) किंवा बेअरिंग. आर्मचे बुश पहारीने सरकवून बघ. कल रोखणाऱ्या स्टॅबिलायझर बारची रबरं फुटलीत का? शॉकअप सोडून हाताने ओढ, दोन्हीकडे सारखा जोर लागला पाहिजे. स्टिअरिंग बॉक्सचा प्ले बघ. आणि टायर बायस प्लायचे (जुन्या, तिरक्या धाग्यांचे) ५.२०-१४ असतील तर रिमच्या रुंदीला बसतील असे रेडियल टाक. फरक तिथंच पडतो. स्प्रिंग सगळ्यात शेवटी.

निखिल: टायर बायसचेच आहेत. बुश जुने, शॉकअप दोन वर्षांचे.

चौधरी काका: मग ग्राइंडर कशाला काढला होता बाबा.

भावसार ताई: हेच मी दुपारपासून विचारतेय.

वाणी सर: बुश आणि टायर झाल्यावरही हवीच असेल तर नवी स्प्रिंग वळून घे, जोडीनेच. उदाहरण देतो, तुझे आकडे तू मोज. समजा स्प्रिंगवर भार ४०० किलो आणि आजची ताकद ४ किलो प्रति मिमी, म्हणजे ती १०० मिमी दबते. नवी १५ टक्के कडक घेतली, ४.६, तर ८७ मिमी दबेल. मोकळी लांबी तीच ठेवली तर गाडी उलट उचलली जाईल, स्प्रिंगपाशी १३ मिमी. तुला चाकापाशी २५ मिमी खाली हवं, म्हणजे स्प्रिंगपाशी साडेबारा. दोन्ही मिळून मोकळी लांबी साधारण २५ मिमीने कमी सांगायची. लोक इथंच फसतात. कडक स्प्रिंग आणतात आणि गाडी जीपसारखी उभी राहते.

वाणी सर: तारेची जाडी रंग खरवडून व्हर्नियरने मोज. ताकद जाडीच्या चौथ्या घातात वाढते. १२ ची साडेबारा मिमी झाली की जवळपास १८ टक्के फरक. रंगाचे दोन थर मोजले तर सगळा हिशेब गेला.

सोनवणे: हे मात्र माहीत नव्हतं. सर, म्यूट काढला.

निखिल: ऑर्डर देताना काय काय सांगायचं?

वाणी सर: तारेची जाडी, बाहेरचा व्यास, एकूण कॉइल आणि काम करणाऱ्या कॉइल, मोकळी लांबी, टोकं कशी, वळण उजवं का डावं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ४०० किलोला लांबी किती भरली पाहिजे ते. साहित्य सिलिको-मँगनीज किंवा क्रोम-व्हॅनेडियम स्प्रिंग स्टील. शॉट पीनिंग (छऱ्यांचा मारा) करून आणि पूर्ण दाबून प्रीसेट करूनच माल घ्यायचा. प्रीसेट नसेल तर पहिल्या महिन्यात स्वतःच बसते. शॉकअप पूर्ण ताणला असतानाही नवी स्प्रिंग वाटीत थोडी दबलेली राहिली पाहिजे, सैल नको.

भावसार ताई: व्हिजिटर पार्किंग क्र. ३ कधी मोकळं होणार? शुक्रवार सकाळ का शुक्रवार रात्र? 🙏

महाजन (सचिव): निखिल, उत्तर द्यावे.

निखिल: सकाळी ताई. जुन्या स्प्रिंगा परत चढवून गाडी माझ्या जागेवर नेतो.

चौधरी काका: चढवताना बुशचे नट गाडी हवेत असताना आवळू नको. सैल ठेव, चाकांवर उतरव, दोनदा दाबून उसळव, मग आवळ. हवेत आवळलेलं रबर कायम पिळलेलं राहतं आणि पावसाळ्याच्या आत फाटतं.

निखिल: आणि मागचे पाटे (पट्ट्यांची स्प्रिंग)? पुढून एक इंच गेली तर मागून उंच दिसेल.

चौधरी काका: मधला पाटा काढायचा नाही, सगळे तेच करतात. उरलेले पाटे ब्रेक मारला की पिळतात आणि अॅक्सल उड्या मारतो. एक तर पाट्यांची कमान कमी करून घे, नाहीतर एक इंची लोखंडी ठोकळा. पण वाकून बघ, अॅक्सल पाट्याच्या वर बसला असेल तरच ठोकळ्याने गाडी खाली जाते. पाटा वर असेल तर उलट उचलते. ठोकळ्याला सेंटर बोल्टच्या डोक्याचं भोक आणि वरून खुंटी पाहिजे, लाकडाचा तर अजिबात नको. यू-बोल्ट नवे लांब घे, जुने परत ताणायचे नाहीत. दोन-तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळ.

सोनवणे: आणि आरटीओ? गाडी कितीची?

निखिल: १९७८.

सोनवणे: म्हणजे २०२८ मध्ये पन्नाशी. २०२१ च्या नियमाने ५० वर्षांवरच्या गाड्यांना व्हीए मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळतो, पण गाडी मूळ रूपात पाहिजे. चेसिस, बॉडी, इंजिनात मोठे बदल चालत नाहीत. स्प्रिंग बदलता येते, वाटी कापलेली परत येत नाही. जुनी जोडी तेल लावून डब्यात ठेव. आणि वाहन कायद्याचं कलम ५२ बघून घे, आरसीवरच्या तपशिलात फरक पडेल असं काही करू नको.

वाणी सर: सहमत. शेवटचं, मोजमाप कसं घ्यायचं ते. जमिनीपासून नको, टायरच्या हवेने फरक पडतो. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत, चारही ठिकाणी, टाकी अर्धी, सपाट फरशीवर. बंप स्टॉप आणि आर्ममधली फटही लिहून ठेव. बदलानंतर ती निम्म्याच्या खाली गेली तर परत उचल. रबर कापून फट वाढवायची नाही. दोन-तीनशे किलोमीटर चालवून अलाइनमेंट, आणि हेडलाइटचा झोतही जुळवून घे.

निखिल: ओके सर. ओके काका. गाडी चाकांवर उतरली की चारही मापं ग्रुपवर टाकतो.

भावसार ताई: ग्रुपवर नको. तुमचा तिघांचा वेगळा ग्रुप करा 🙏

देशमुख: आणि त्याच टेपने ब्रेकरची उंची मोजा एकदाची. पाच इंच म्हणे.

सोनवणे: मोजली. सव्वापाच.